ग्लो पील आणि उष्टी हळद

आमच्या गल्लीतल्या पार्लरचे शब्द प्रामाणिक होते. थ्रेडिंग म्हणजे दोरा, वॅक्स म्हणजे मेण. 'फुल आर्म्स' म्हटलं की खांद्यापासून बोटांपर्यंत बोंबलायचं. माझी बोंब डोंबिवलीहून थेट विठ्ठलवाडीला पोचायची. तिथले लोक गाडी आली समजून बाकावरून उठायचे. पण दुखणार, हे आधी कळायचं तरी.

धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं आणि आम्ही स्किन क्लिनिकची पायरी चढलो. तिथले शब्द साखरेत घोळलेले. बहिणीचा चेहरा जळत नव्हता, 'टिंगलिंग' होत होतं. त्यावर पांढरी साय धरली, ते 'फ्रॉस्टिंग'. कातडी सुटून येते ते 'ग्लो पील', आणि तोंड लपवून घरी बसायचं तो 'डाउनटाइम'. इतकं मऊ बोलणारी माणसं मी फक्त ऑपरेशन थिएटरच्या दाराशी पाहिली होती.

"फंक्शन कधी आहे?" मॅडमनी विचारलं.

आईने लग्नाची तारीख सांगितली. मॅडमनी मान डोलावली. "मग वेळ आहे. तोपर्यंत चेहऱ्याला काही लावायचं नाही हं. काहीही."

आम्ही कडकडीत पाळलं. साबण लपवला, पावडरचा डबा माळ्यावर टाकला. मी तर आरशालाही बहिणीकडे रोखून बघू दिलं नाही. तिच्या गालांची सालं भाजलेल्या वांग्यासारखी सुटत होती आणि आतून ओली, गुलाबी कातडी डोकावत होती. लग्नाच्या आदल्या दिवशी हळद असते, हे काय आम्हाला ठाऊक नव्हतं? पण हळद म्हणजे काय क्रीम आहे का?

नवरदेवाच्या घरून, मोहन्याहून, उष्टी हळद आली. नवरदेवाला लावून उरलेली, स्टीलच्या वाटीत, घट्ट. वाटी त्याच्या बहिणीच्या हातात. माझ्या बहिणीने माझं मनगट धरलं.

"ताई, तोंडाला नको गं. नुसता वारा लागला तरी चरचरतंय."

मी लगेच पुढे सरसावले. "अहो, पायांनाच लावा. आमच्या गावी नवरीच्या तोंडाला हळद लावली की विहीर आटते!"

"कुठल्या गावी?" आमच्याच आईने विचारलं. "आपल्याकडे कधीपासून गं?"

सगळ्या बायका हसल्या. वाटीवाली हसली नाही.

"उष्टी हळद परत नेत नाहीत, ताई. माझ्या भावाचं वाईट व्हावं असं वाटतंय का तुम्हाला?"

आई घाईघाईने म्हणाली, "लाव गं बाई, लाव. हळद म्हणजे औषधच."

बहिणीने माझं मनगट सोडलं आणि स्वतःच गाल पुढे केला. चार बोटं टेकली, खाली ओढली गेली. ती ओरडली नाही. मेणाच्या पट्टीला गाव गोळा करणारी मी, मनात म्हणत होते, ओरड गं एकदा.

सकाळी हळद धुतली गेली, बोटं राहिली. चार तपकिरी पट्टे. मेकअपवालीने 'करेक्टर', 'कन्सीलर' असे थर चढवले. मंडपातल्या घामात बोटं पुन्हा वर आली. सासूबाईंनी तिची हनुवटी धरून बघितलं आणि खूश होऊन विहीणबाईंना, म्हणजे आमच्या आईला म्हणाल्या, "बघा, आमच्या हळदीचा रंग कसा चढला!"

आई हसली. हसावंच लागलं.

दिवाळसणाला बहीण माहेरी आली, तेव्हा सगळ्या फोटोंत ती माझ्या डाव्या हाताला, तोच गाल माझ्या खांद्यात खुपसून उभी होती.