डब्याला मारलेला विळा

सोयाबीनवर फवारणी सुरू झाली, की तो उग्र वास मला थेट वहिनीच्या लग्नाच्या वर्षात नेतो. औषधाचा रिकामा डबा राखेनं घासून बाबा त्यात शेतात प्यायचं पाणी नेत. गावात सगळेच नेत. नव्या वहिनीनं तो भरलेला डबा पाहिला आणि त्यात विळ्याचं टोक खुपसलं. पाणी धुऱ्यावर, शेताच्या बांधावर सांडलं.

"चांगला डबा काहून फोडला?" बाबा तडकले.

"वास गेला म्हणून जहर गेलं काय, मामाजी?"

मला तेव्हा तो उर्मटपणा वाटला. आता वाटतं, केवढी हिंमत होती ती. बाबा दिवसभर फुटक्या डब्यावरून कुरकुरत राहिले. दुसऱ्या दिवशी मात्र मडकं घेऊन निघाले.

आज फवारणी आटोपून पुतण्या भाकरीकडे वळला, तर थकलेले बाबा धुऱ्यावरून ओरडले, "आधी डबा फोड. मंग हात धू, मंग जेव."