येसकर आजीची राखण

माझ्या आजीचा आवाज वेशीतून पाटलाच्या चुलीपर्यंत पोचायचा. आम्ही महार. कुणाच्याही दारापासून लांब उभं राहूनच बोलायचं, म्हणून तिचा गळा तसा झाला होता. घरात बाप्या उरला नव्हता. त्यामुळे आजोबांच्या मागे येसकरकी, म्हणजे वेशीची राखण, तिच्याकडे आली.

निजामाचं राज्य होतं. गावात उंदीर पडू लागले आणि प्लेगच्या भीतीने जो तो आपापल्या शेतात झोपडी घालायला निघाला. ज्याला शेत नाही त्याने कुठं जायचं, हे कुणी बोललं नाही. तहसीलचे शिपाई आले. गावातली घरं चुना मारायला ठेवली. आमची खोपटं पेटवली.

आजी पाटलासमोर जाऊन उभी राहिली.

"गावात ऱ्हायचं न्हाई, शिवारात जागा न्हाई. मंग मालक, आमी काय आभाळाला लटकावं?"

"तू गावातच ऱ्हा, म्हातारे. रिकामी घरं कोण राखील?"

"राखते की. पर माझ्या सुनंला अन् नातीला तुमच्या बांधावर जागा द्या."

पाटलाने विहिरीपासून लांबचा बांध दिला.

आई रोज भाकरी वेशीबाहेरच्या दगडावर ठेवून मागे सरायची. मग आजी ती उचलायची. ती वेशीच्या कोनाड्यातच निजते हे आईला बघवेना. सगळं गाव तर ओस पडलेलं.

"आत्याबाय, कुणाच्या तरी ओसरीवर पडा की. कोण बघायलंय?"

"अन् ओसरी बाटली म्हणून मागून दंड माझ्याच माथी मारतील," आजी हसली. "त्यापरीस वेस बरी."

ती निघून का आली नाही, असं माझी नातवंडं विचारतात. वेस सोडली की बांध गेला. एवढंच होतं ते.

एक दिवस आदल्या दिवशीची भाकरी दगडावर तशीच दिसली. आईने हाकांवर हाका मारल्या, पण मला जवळून हलू दिलं नाही. पाटलाने गडी आत पाठवला. गड्याने परत येऊन आधी सांगितलं की कुलपं शाबूत आहेत. मग सांगितलं की म्हातारी गेली.

साथ सरली, लोक आपापल्या घरी परतले. पाटील बांधावर आला.

"पेरणी तोंडावर आलीय. बांध मोकळा कर."

आई झोपडीच्या काठ्या उपसू लागली.

"येसकरकी घेतलीस तर गावात जागा हाय."

आईने माझ्याकडे बघितलं. "घेते. जागा कुठली, मालक?"

"तीच की. राख तेवढी उचलून टाक."