पाण्याच्या आधी टाळ्या

देवाभाऊंच्या घरी पाहुणा गेला की त्याला पाण्याच्या आधी टाळ्या मिळायच्या. बल्लारपूरच्या त्यांच्या दोन खोल्यांत एक जुना टेपरेकॉर्डर होता आणि त्यात कायम एकच कॅसेट, कुण्या विलायती रॉक बँडच्या मैफलीचं जागेवर केलेलं रेकॉर्डिंग. एकेक गाणं असं लांबलचक की ऐकता ऐकता ताटातलं वरण निवून जावं. पण देवाभाऊ गाणं ऐकवतच नसत. कॅसेट पुढे पळवून ते नेमकी गाण्याच्या शेवटाशी आणायचे आणि बोट वर करून म्हणायचे, "आता आयका. बाजा थांबला. एवढे लोकं बसले हायेत, पन कोनी खोकलून नाई राह्यलं. श्वास रोखला सगळ्याईनं. हां... आता सोडला. आता टाळी!"

मग टाळ्यांचा कडकडाट व्हायचा आणि देवाभाऊ जणू त्या आपल्यालाच पडल्यासारखे मान लववायचे. "टाळी कोनीबी देते जी," ते म्हणायचे, "टाळीच्या आधीचं थांबनं पाहा." पाहुणा बिचारा लग्नाची पत्रिका द्यायला आलेला असायचा. शेवटी विमलवहिनी आतून ओरडायच्या, "अहो, त्याईले पानी तं पिऊ द्या!"

देवाभाऊ पेपर मिलमध्ये कामाला होते आणि उरलेल्या वेळात आमच्या बँडचे मालक, कीबोर्डवादक आणि हुकूमशहा होते. बँडचं नाव 'सागवान'. पाटी वाचून लोक दार-खिडक्यांचा भाव विचारायचे. मी बँकेतला कारकून, बास गिटार वाजवायचो. गिटारवर सुरेश आणि ड्रमवर राजू, दोघे कोळसा खाणीतले. विलायती बँडसारखं वाजवायचं हा देवाभाऊंचा ध्यास होता. म्हणजे गाण्याचे पाच-सहा भाग, प्रत्येकाचा ताल वेगळा आणि शेवट झाला असं वाटलं की पुन्हा सुरुवात. त्यांची सगळ्यात मोठी रचना होती 'जंगल'. ती ऐकणाऱ्याला खरोखर बाहेर पडायची वाट सापडत नसे.

पोटासाठी मात्र आम्ही लग्नांत सिनेमाची गाणी वाजवत असू. एकदा भद्रावतीच्या वरातीत देवाभाऊंना राहवलं नाही आणि त्यांनी नाचाच्या गाण्यात मध्येच सात मात्रांचा तुकडा घुसवला. बेभान नाचणाऱ्या वऱ्हाड्यांचे पाय एकमेकांत गुंतले आणि नवरदेवाचा मामा बँडच्या गाडीवर येऊन आदळला. "काऊन जी, बाजा बिघडला का?" त्याने गुडघा चोळत विचारलं. देवाभाऊ शांतपणे म्हणाले, "बाजा बरोबर हाय. तुमचा पाय चुकला." त्या लग्नात आम्ही जेवलो नाही.

वर्षं गेली, केस गेले. सुरेशचं निवृत्त होऊन मुलाकडे पुण्याला कायमचं जायचं ठरलं, तसे देवाभाऊ हादरले. आमचं एकही रेकॉर्डिंग नव्हतं. "चंद्रपूरच्या स्टुडिओत करून घेऊ," मी सुचवलं, तर माझ्याकडे त्यांनी कीव आल्यासारखं बघितलं. "स्टुडिओत वाजवनं म्हनजे फोटोतल्या भाकरीले चटनी लावनं. लोकाईपुढं वाजवू. मले ते थांबनं पायजे, सुधाकर. एक डाव. मंग सुरेश जाओ का मी जाओ."

पण 'जंगल' ऐकायला लोक आणायचे कुठून? खूप खटपटीनंतर आरमोरीजवळच्या एका गावाने मंडईसाठी बोलावलं. मंडई म्हणजे आमच्याकडची दिवाळीनंतरची जत्रा. दुपारचा कार्यक्रम, समोर मोकळं मैदान, बाजूला भजी आणि बांगड्यांची दुकानं. आयोजक गोविंदभाऊ भला माणूस. त्यांची अडचण एकच होती. आमच्या झाडीपट्टीत कलाकाराला बक्षीस दिलं की देणाऱ्याचं नाव तिथल्या तिथे माइकवर पुकारावं लागतं. माणूस आपल्या जागेवर परत जाण्याआधी त्याचं नाव गावाने ऐकलं पाहिजे.

"मधात पुकारलं तं माहा अल्बम गेला," देवाभाऊ म्हणाले.

"नाई पुकारलं तं माही इज्जत गेली जी," गोविंदभाऊ म्हणाले.

बरीच घासाघीस झाली. शेवटी देवाभाऊंनीच तोड काढली. बाजा चालू असेपर्यंत कुणी तोंड उघडायचं नाही, बाजा थांबला की खुशाल पुकारायचं. गोविंदभाऊंनी मान डोलावली आणि दोघांनी हातात हात दिले. आपण नेमकं काय कबूल केलं, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

त्या दिवशी 'जंगल' असं वाजलं की मला माझेच हात ओळखू येईनात. पहिल्या भागात लोक हसले, दुसऱ्या भागात भजी खायला गेले, पण भजी घेऊन परत आले. शेवटचा भाग फार हळू होता, नुसता कीबोर्ड आणि माझी एखादीच तार. मैदान गप्प होत गेलं. पाळणेवाल्यानेही पाळणा थांबवला. देवाभाऊंनी शेवटचा सूर सोडला आणि डोळे मिटले. कुणी खोकलंसुद्धा नाही. मी कॅसेटवर शंभरदा ऐकलेलं ते थांबणं आमच्यासमोर उभं होतं.

आणि गोविंदभाऊंचा खणखणीत आवाज आला, "सखूबाई यायच्याकडून कलाकाराईले एक कोंबडा!"

लगेच कोंबड्याने बांग दिली. मग टाळ्या पडल्या, शिट्ट्या वाजल्या. त्या आमच्या होत्या की कोंबड्याच्या, ते कुणाला कळलं नाही. देवाभाऊंनी डोळे उघडले तेव्हा एक म्हातारी त्यांच्या कीबोर्डवर कोंबडा ठेवत होती.

परतीच्या गाडीत कोंबडा माझ्या मांडीवर होता आणि देवाभाऊ खिडकीबाहेर बघत होते. "माही शांतता कोंबड्यानं खाल्ली," ते म्हणाले. पुढच्या आठवड्यात, मंडईत आमचं रेकॉर्डिंग केलेल्या साउंडवाल्या पंकजने कॉम्प्युटरवर पुकारा आणि बांग सफाईने कापून दाखवली. सूर, शांतता, टाळी. हुबेहूब विलायती कॅसेट! देवाभाऊंनी ते ऐकलं, डोळे पुसले आणि म्हणाले, "कोंबडा वापस देऊन येऊ. मंग अल्बम काढू."

आम्ही दोघे कोंबडा घेऊन पुन्हा त्या गावी गेलो. सखूबाई धान झोडत होत्या. कोंबडा परत घ्यायला त्या तयार होईनात. देवाभाऊ जरा चिडूनच म्हणाले, "बाई, थोडं थांबून आल्या असत्या तं..."

"थांबलीच तं होती, बापा!" सखूबाई म्हणाल्या. "तुमचं ते हळू हळू चालू होतं ना, तवापासून पायरीशी उभी होती. हा मेला ओरडला असता, म्हनून याची चोच मुठीत धरून ठेवली. हात दुखून आला. तुमी थांबले, तवा कुठी सोडली."

 देवाभाऊंनी कोंबडा पुन्हा काखेत घेतला आणि गाडीत येऊन बसले. बल्लारपूर आलं तेव्हा म्हणाले, "पंकजले फोन लाव. कापलेलं वापस जोड म्हना. विलायती लोकाईनं आपलंच तोंड बंद ठेवलं होतं. इथी बाईनं कोंबड्याचंबी ठेवलं."

अल्बम तसाच निघाला. कव्हरवर कोंबड्याचा फोटो होता. "असं कव्हर पायजे का कोनाले काईच समजलं नाई पायजे," असं देवाभाऊंचं मत. कोंबडा त्यांच्याच अंगणात म्हातारा झाला. त्याचा रस्सा करायचं नाव काढलं की देवाभाऊ म्हणत, "कलाकार हाय तो. हात नाई लावाचा." नंतर आलेल्या प्रत्येक पाहुण्याला पाण्याच्या आधी आमच्या अल्बमचा शेवट ऐकावा लागला.

मागच्या उन्हाळ्यात देवाभाऊ गेले. पुण्यानुमोदनाच्या दिवशी दारातल्या मांडवात बुद्धवंदना झाली, लोक बोलले, सुरेश पुण्याहून आला होता तो रडला. मग विमलवहिनींनी मला अल्बम लावायला सांगितला. शेवटचा सूर विरला. मांडवात कुणी हललं नाही. गोविंदभाऊंचा आवाज आला, कोंबडा आरवला आणि मांडवातले लोक हसावं की नाही या पेचात एकमेकांकडे बघू लागले. टाळी कुणी वाजवावी, हेही कळेना. देवाभाऊ नाहीत हे मला तेव्हा खरं वाटलं.

पहिली टाळी विमलवहिनींनी वाजवली. मग सगळा मांडव वाजवत राहिला, बराच वेळ.

टाळ्या थांबल्यावर वहिनींनी पदराने तोंड पुसलं आणि मला म्हणाल्या, "आता पानी द्या सगळ्याईले."