प्लास्टरमधल्या हाताची सही

शिवणकाम करणाऱ्या काकूंनी जन्मात कधी कर्ज काढलं नव्हतं, तरी वसुलीवाला दुकानात येऊन बसला. “आज थोडे तरी भरा, बाकीचं मी सांभाळून घेतो,” तो म्हणाला.

काकूंच्या मनात पाल चुकचुकली. खरं देणं असतं तर हा इतका मऊ कशाला बोलला असता? त्यांनी मशीन थांबवून कागद मागितला. त्याने तो लांबूनच दाखवला.

“या तारखेला माझा उजवा हात प्लास्टरमध्ये होता,” काकू म्हणाल्या. “मग सही कोणी केली? काय ते लेखी पाठवा.”

तो गेला. पत्र काही आलं नाही. पण त्या कागदावर काकूंचं माहेरचं नाव होतं, आणि ते घरच्यांशिवाय कोणाला ठाऊक नव्हतं. तेव्हापासून धाकटे दीर आले की काकू आधी कपाटाला कुलूप लावतात, मग चहा टाकतात.