आईचं ‘नै’ आणि एलेनीबाईंचं ‘ने’

मे महिन्यात आईला घेऊन ग्रीसला गेले होते, तिथल्या एका दुपारची गोष्ट सांगायची राहिली आहे. फोटो टाकले तेव्हा बऱ्याच जणांनी विचारलं, काकू एवढ्या कशाला हसतायत? तर... हे त्याचं उत्तर.

थोडं आधीचं सांगते. आई इंग्लंडमध्येच, लेस्टरला एकटी असते. बाबा गेल्या वर्षी गेले आणि तिचं जेवणच आटलं... सकाळी टोस्ट, संध्याकाळी पुन्हा टोस्ट, तोही किचनमध्ये उभ्याउभ्या. बेलग्रेव्ह रोडवरून पिशव्या भरभरून भाजी आणणारी बाई! मी रीडिंगहून फोन केला की "जेवले गं" एवढंच. बाबांचा विषय तर ती काढूच द्यायची नाही.

लेकीची जीसीएसई, म्हणजे इथली दहावीची परीक्षा, चालू होती, म्हणून ती आणि नवरा घरी थांबले. मी आईला जवळजवळ ओढतच विमानात बसवलं. "पडके दगड बघायला एवढ्या लांब?" हे गॅटविक विमानतळापासून सुरू होतं.

अथेन्समध्येही तिचा सूर तोच होता. तिसऱ्या दिवशी भाड्याची गाडी घेऊन आम्ही एपिडॉरसला गेलो. डोंगराच्या कुशीत दोन हजारांहून जास्त वर्षांचं दगडी थिएटर आहे तिथे. मधोमध उभं राहून साधं बोललं तरी अगदी वरच्या पायरीवर ऐकू येतं म्हणतात. मी धापा टाकत वर गेले आणि खाली उभ्या असलेल्या आईला खूण केली, बोल काहीतरी.

तिने इकडेतिकडे पाहिलं. मग डोक्याला हात लावून, नेहमीच्याच आवाजात म्हणाली, "मेधा, टोपी कुठंय तुझी? ऊन लागेल."

शेजारी बसून बोलल्यासारखं स्पष्ट! माझ्या बाजूला एक परदेशी आजोबा बसले होते, त्यांनीही मुकाट्याने आपली टोपी घातली... मी हसत सुटले. आई खालून विचारतेय, "काय झालं गं?" तेही सगळ्या थिएटरला ऐकू आलं.

परतताना रस्त्यालगतच्या एका गावात जेवायला थांबलो. द्राक्षाच्या मांडवाखाली चार टेबलं, आणि मालकीणबाई एलेनी, आईच्याच वयाच्या, काळ्या कपड्यांतल्या. आम्ही व्हेजिटेरियन एवढं त्यांच्या सुनेला सांगितलं आणि ताटल्या यायला लागल्या. दुधीसारख्या कुठल्याशा भाजीची भजी, टोमॅटोच्या रश्श्यातले पावट्याहून मोठे दाणे, लिंबू पिळलेले बटाटे...

आईने दोन घास खाल्ले आणि ताटलीवर हात आडवा धरला. "नै नै... बास." एलेनीबाईंचा चेहरा उजळला. त्यांनी हात बाजूला करून आणखी दोन भजी वाढली. आई घाईघाईने, "नै, नै, नै!" आणखी दोन!

"अगं मेधा, सांग ना यांना, मी नै म्हणतेय!"

मी सुनेला बोलावलं. ती ऐकून तिथेच खुर्चीत बसली, इतकी हसली. ग्रीकमध्ये ‘ने’ म्हणजे ‘हो’! आई जीव तोडून नको म्हणत होती, आणि बिचाऱ्या एलेनीबाईंना वाटत होतं, पाहुणीला किती आवडलंय...

आईला कळलं तेव्हा आधी तिने ताटलीतल्या भज्यांकडे पाहिलं. मग हसली. पदर तोंडाला लावून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. तोच तो फोटो. आणि हसता हसता तिने ती भजी खाल्ली... सगळी.

मग एलेनीबाई तिला हात धरून स्वयंपाकघरात घेऊन गेल्या. बऱ्याच वेळाने मी डोकावले, तर दोघी टेबलाशी बसून द्राक्षाच्या पानांत भात भरून वळत होत्या. "अळूवडीसारखंच आहे गं," आई म्हणाली. तिच्या वळ्या अगदी नेटक्या होत होत्या. ती मराठीत बोलत होती, त्या ग्रीकमध्ये. मी मधेच इंग्रजीत काही सांगायला गेले, तर दोघींनी माझ्याकडे असं पाहिलं की मी गप्प दाराशी उभी राहिले.

एलेनीबाईंनी भिंतीवरचा एका मिशाळ माणसाचा फोटो दाखवला आणि बोट वर आकाशाकडे केलं. आईचा हात थांबला. तिनेही बोट वर केलं. "आमचे पण," ती म्हणाली. "गेल्या वर्षी. रोज जेवताना समोर असायचे हो... आता एकटीला घास उतरत नाही."

हे तिने मला कधीच सांगितलं नव्हतं. एलेनीबाईंना शब्द एकही कळला नसेल. त्यांनी भात चिकटलेला हात तसाच आईच्या गालावर ठेवला. मग दोघींनी पुढचं पान घेतलं.

गाडीत आई बाबांबद्दल बोलायला लागली. त्या रात्रीचा मुक्काम जवळच्या नाफ्प्लिओ गावात होता, तिथलं हॉटेल येईपर्यंत बोलतच होती... मी मुद्दाम गाडी हळू चालवली.

परवा लेस्टरला गेले, तर दारातच फोडणीचा वास आला. टेबलावर तीन ताटं. पलीकडच्या घरातली मार्गारेट एकटी असते, तिला आईने जेवायला बोलावलं होतं. "आता दर रविवारी येते," आई म्हणाली. "एकटीने जेवायचं नाही, असं ठरलंय आमचं."

एलेनीबाईंचं आडनावही मला माहीत नाही, आणि हे त्या कधी वाचणार नाहीत. तरी इथे लिहून ठेवते... माझ्या आईला तुम्ही पोटभर जेवू घातलंत. खूप खूप आभार.