आत्याने थांबवलेली रोह्याची फायनल

आयुष्यात फुटबॉलची मॅच बघायला मी कधी गेले नव्हते, आणि त्याला कारण होतं. मी सातवीत असताना बाबा बाहेरगावी एक मॅच बघायला गेले. मॅच संपल्यावर हजारो माणसं एकाच अरुंद जिन्याने खाली उतरायला लागली. जिन्याच्या तोंडाशी असलेलं दार अर्धवटच उघडलेलं होतं. पुढचे अडले, मागचे ढकलत राहिले. बाबा घरी आलेच नाहीत.

त्या दिवशी त्यांची धाकटी बहीणही त्यांच्याबरोबर होती. ती म्हणजे माझी शालूआत्या, रोह्यातल्या हायस्कुलात खेळ शिकवून निवृत्त झालेली. दर जानेवारीत ती तिथे फुटबॉलची स्पर्धा भरवते आणि दरवर्षी मला बोलावते. यंदा मी हो म्हटलं. आईला सांगितलं, तर ती "स्वेटर घे" एवढंच बोलली.

शनिवारी सकाळी माझा नवरा नितीन आणि मी ठाण्याहून एसटीने पेणला उतरलो. स्वतःची गाडी असली तरी पेणपासून पुढे रेल्वेनेच जा, असं मी सुचवेन. गाड्या मोजक्याच आहेत, तेव्हा वेळ आधी बघून ठेवा. आमच्या हाताशी दोनेक तास होते, म्हणून गणपतीच्या कारखान्यांच्या गल्लीत शिरलो. सण अजून लांब, पण साच्यांतून मूर्ती निघायला लागल्या होत्या. रंग न लावलेले पांढरे गणपती रांगेने वाळत ठेवलेले. एका कारागीरबाईंना विचारलं, "फोटो काढू का?" त्या म्हणाल्या, "काढा की. पन डोळं झालं नायत अजून. ते तुमाला बघत नायत!" तिथून पोह्याचे पापड घेतले आणि स्टेशन गाठलं.

पेण ते रोहा हा प्रवास छोटा, पण डोळे भरून बघण्यासारखा. तिकीट कटिंग चहाइतकं स्वस्त, आणि खिडकी हमखास मिळते. कासू स्टेशनला भाजीच्या टोपल्या घेऊन दोघी बायका चढल्या. आम्ही फायनलला चाललोय म्हटल्यावर एकीचा चेहरा खुलला.

"शालूबाईंच्या मॅचला? माजी सूनबी जाते, पोरांना घेऊन. थितं ढकलाढकली नाय व्हत."

मॅचबद्दल बोलताना तिने सगळ्यात आधी हे सांगावं, याचंच मला नवल वाटलं. नितीनने माझा हात हलकेच दाबला.

रात्री आत्याकडे पोपटी होती. वालाच्या शेंगा, अंडी आणि बटाटे भांबुर्डीच्या सुगंधी रानपाल्यात घालून मडक्यात भाजलेले. थंडीत रायगडात येऊन पोपटी न खाता परत जाऊ नका! आत्या उद्या मैदान दाखवते म्हणाली.

रविवारी तिने मला मैदानाला पूर्ण फेरी मारायला लावली. कुंडलिका नदीच्या बाजूला बांबूची तात्पुरती गॅलरी, समोर मातीचा उतार. दोन मोठी दारं, दोन्ही बाहेरच्या बाजूला उघडणारी, कुलूप कुठेच नाही. रुग्णवाहिकेसाठी एक पट्टा मोकळा सोडलेला. "कोलकात्यात माणसं गेली, इंग्लंडात गेली, परवापरवा इंडोनेशियात गेली," आत्या म्हणाली. "सगळी खेळ बघायला आली होती, अगं. भांडायला नव्हती आली."

मॅचआधी सगळं मैदान उभं राहिलं. खेळ बघायला जाऊन घरी न परतलेल्यांसाठी एक मिनिट शांतता. माइकवरून एकच नाव घेतलं गेलं, बाबांचं. दरवर्षी घेतात म्हणे. मला हे कुणी कधी सांगितलं नव्हतं. आजूबाजूची अनोळखी माणसं माझ्या वडिलांसाठी मान खाली घालून उभी होती.

मग खेळ सुरू झाला आणि मी सगळं विसरून ओरडायला लागले. दुसऱ्या हाफमध्ये बरोबरी झाली, तशी उतारावरची पोरं धावत गॅलरीत घुसली. अडवणाऱ्या स्वयंसेवकांचं कुणी ऐकेना. आत्या खुर्चीतून उठली आणि सरळ मैदानात गेली. पंचांनी शिट्टी मारली, खेळ थांबला.

केवढा गोंगाट झाला! स्पर्धा समितीचे अध्यक्ष धावत आले. "बाई, आता कशाला? पाहुणे बसलेत. थोडाच खेळ राहिलाय."

"पाहुण्यांनाही घरी जायचंय ना, भाई?" आत्याने माइक घेतला. "गॅलरी रिकामी करा. मागची रांग आधी, सावकाश. शेवटचा माणूस खाली येईपर्यंत बॉल हलणार नाय."

शिट्ट्या झाल्या. कुणीतरी ओरडलं, "म्हातारीला घरी बसवा!" आत्याचा आवाज चढला नाही. ती पुन्हा पुन्हा तेच सांगत राहिली. अखेर मागची रांग उठली, मग तिच्या पुढची. गॅलरी रिकामी झाली आणि ती बांधणारा मंडपवाला खाली वाकला. कोपऱ्यातला खांब ओल्या मातीत हातभर खचला होता. त्याने वर बघून म्हटलं, "बाई, अजून थोडा वेळ नसती टिकली." हे ऐकून अध्यक्षांनी डोक्यावरची टोपी काढली आणि घाम पुसला.

उतारावरून टाळ्या सुरू झाल्या. उरलेली मॅच लोकांनी दोरीमागे मातीत बसून बघितली. मघाशी शिट्ट्या मारणारी पोरं लहानग्यांना पुढे बसायला जागा करून देत होती. पेनल्टीवर रोह्याचा संघ जिंकला, तेव्हा हरलेल्या खांब गावच्या पोरांनीही आत्याला खांद्यावर घ्यायचा प्रयत्न केला. तिने सगळ्यांना दम भरला.

"वैशू, नदीकडच्या दाराशी उभी राहा," ती मला म्हणाली. "दार धरून ठेव."

मी दार धरून उभी राहिले. माणसं शांतपणे बाहेर पडत होती. खांद्यावरची मुलं, हात धरलेल्या आज्या, गोलांवरून वाद घालणारे कामगार. एक जण जाताना म्हणाला, "येतो ताई." मला रडू आलं, पण मान ताठ होती. माझ्या आत्याने हे उभं केलं होतं, माझ्या बाबांच्या नावाने.

सोमवारी दुपारी ठाण्यात परतलो. पाय दुखत होते, घसा बसला होता, पिशवीभर पापड होते. पोपटी नितीनच्या अजून डोक्यात आहे. मी मात्र अजून त्या दाराशीच आहे. संध्याकाळी आईला सगळं सांगितलं. खांब, शिट्ट्या, एक मिनिटाची शांतता, घेतलेलं नाव. ऐकता ऐकता ती पापड भाजत होती. मग गॅस बंद करून माझ्याकडे वळली.

"शालूला फोन लाव," ती म्हणाली. "दुसऱ्या दाराला कोण असतं, ते विचार. पुढच्या वर्षी मी उभी राहीन."