नखभर ग्रीस, अंगठाभर ठसा

माझे सासरे नगरपालिकेच्या वाहन कार्यशाळेत वायरिंगचं काम करतात आणि मी त्याच कार्यशाळेच्या कार्यालयात कारकून आहे. त्यामुळे त्यांना द्यायचे मेमो मीच टाइप करते आणि संध्याकाळी चहाही मीच देते. मेमोत ते 'सदर कर्मचारी' असतात, घरी बाबा.

कार्यशाळेत त्यांना सगळे 'नखभर' म्हणतात. आमच्याकडे समुद्राचा खारा वारा लोखंडाच्या आणि तांब्याच्या मुळावरच उठलेला. बॅटरीच्या टोकांवर महिन्याभरात हिरवी-पांढरी भुकटी धरते. बाबा आधी तार धरणारा क्लॅम्प सोडतात, सोड्याच्या पाण्याने धुतात, तारेच्या ब्रशने घासतात, धातू चमकला की घट्ट आवळतात, आणि सगळ्यात शेवटी करंगळीच्या नखावर मावेल एवढंच ग्रीस वरून फिरवतात. यात अर्धा तास जातो. बाकीचे फिटर पाच मिनिटांत मोकळे होतात आणि उरलेली पंचवीस मिनिटं बाबांना हसतात.

"वीज ग्रीसमधून जात नाही, धातूतून जाते," बाबा सांगतात. "ग्रीस म्हणजे दाराशी बसवलेला राखणदार. त्याने घरात शिरून पलंगावर झोपायचं नसतं."

या शिस्तीमागे माझा नवरा आहे. तीस वर्षांपूर्वी सासूबाईंना कळा सुरू झाल्या आणि रुग्णवाहिका भर चौकात बंद पडली. बाबांनी बॉनेट उघडून पाहिलं, तर बॅटरीचं टोक भुकटीने पार खाल्लेलं. ते सुटं करून घासेपर्यंत माझा नवरा भाजीच्या हातगाड्यांच्या आडोशाला जन्मलासुद्धा. सासूबाई अजून ऐकवतात, "माझं पोर चौकात झालं ते यांच्या गंजापायी." गंज बाबांचा नव्हता, गाडीही तेव्हा दुसऱ्याकडे होती, पण संसारात असले तपशील कोण विचारतो. तेव्हापासून रुग्णवाहिकेचं काम बाबांनी मागून घेतलं. आताची गाडी नऊ वर्षं त्यांच्याकडे आहे आणि एकदाही रस्त्यात थांबलेली नाही.

मग नवे साहेब आले. त्यांच्या पहिल्याच आठवड्यात कचऱ्याच्या तीन गाड्या एकाच सकाळी, नेमक्या नगराध्यक्षांच्या दारात बंद पडल्या. साहेबांनी सगळ्यांना बोलावून विचारलं, मग रुग्णवाहिका कशी बंद पडत नाही? बाबांनी धुण्यापासून आवळण्यापर्यंत सगळं सांगितलं आणि शेवटी ग्रीसचं सांगितलं. साहेबांनी त्यातलं ग्रीस तेवढं ऐकलं.

दुसऱ्या दिवशी परिपत्रक निघालं. मीच टाइप केलं. प्रत्येक गाडीच्या प्रत्येक जोडणीला ग्रीस लावावं आणि पुरावा म्हणून दर शनिवारी तपासणीच्या कागदावरच्या चौकोनात, गाडीवरचं ग्रीस बोटाला घेऊन त्याचा ठसा उमटवावा. ठसा ठळक तर गाडी उत्तम. सलग तीन शनिवार ठसा फिका आला तर गाडी काढून दुसऱ्याला द्यावी. साहेब स्वतः खाली कार्यशाळेत एकदाच उतरले होते. बाहीला काळं लागलं, तेव्हापासून त्यांनी कागदावर विश्वास ठेवायचं ठरवलं.

पुढच्या आठवड्यापासून कार्यशाळेत दिवाळं निघेल इतकं ग्रीस उडायला लागलं. भुकटी तशीच, क्लॅम्प ढिलाच, वरून मात्र गोळे. यात सगळ्यात पुढे एक फिटर, मस्केबाज. हे नाव त्याला ग्रीसच्या आधीपासून आहे. साहेबांची जीप त्याच्याकडे होती आणि तिच्या बॅटरीवर त्याने इतकं थापलं होतं की खाली बॅटरी आहे हे कुणीतरी सांगावं लागे. त्याचा ठसा चौकोनाबाहेर सांडायचा. साहेब तो उजेडात धरून म्हणायचे, "याला म्हणतात काम."

माझी फाइल मात्र तेलात पडलेल्या माशीसारखी झाली. कागद एकमेकांना चिकटले, अक्षरं आरपार दिसायला लागली, आणि एका गाडीचा अहवाल वाचताना खालच्या दोन गाड्यांचाही वाचून व्हायचा.

बाबांचा ठसा पहिल्या शनिवारी फिका आला. नखभरातून येणार तरी किती? दुसऱ्या शनिवारीही तेच. मी मेमो टाइप केला, 'सदर कर्मचाऱ्याचा ठसा समाधानकारक नाही.' तिसरा फिका आला की रुग्णवाहिका मस्केबाजाकडे जाणार होती. आणि मला आठवा सरून नववा महिना लागला होता.

नवरा नोकरीनिमित्त परगावी. घरापासून दवाखाना लांब, आणि गावात रुग्णवाहिका ती एकच. जेवताना बाबांचा घास हातातच राहायचा. मला भीती वाटत होती आणि ती लपवायची मला सवय नाही.

शुक्रवारी संध्याकाळी मी चहा देताना म्हटलं, "बाबा, गाडीला नका लावू जास्त. पण कागदावर लावा ना. डब्यात बोट बुडवायचं आणि चौकोनात टेकवायचं."

"म्हणजे खोटा ठसा?"

"ठसा खरा, ग्रीसही खरं. मध्ये गाडी नाही एवढंच."

"तीस वर्षांत मी खोटी सही केलेली नाही," बाबा म्हणाले आणि चहा अर्धा टाकून उठले. सासूबाई आतून म्हणाल्या, "तिचंही चौकातच करा म्हणजे झालं."

शनिवारी दुपारी कागद आले. बाबांचा कागद हातात घेताच बोटं घसरली. चौकोनात अख्खा अंगठा होता, मध्यावर टेकडीसारखा फुगलेला. साहेब खूश झाले. म्हणाले, "बघा, दोन मेमो दिले की माणूस सुधारतो." रुग्णवाहिका बाबांकडेच राहिली. त्या रात्री बाबा बराच वेळ साबणाने अंगठा घासत बसले. मला वाटलं, आपण एका सरळ माणसाला वाकवलं. वाईट वाटलं. पण गाडी राहिली याचं बरंही वाटलं, ते का नाकारू?

त्यानंतरच्या बुधवारी, फायलीतले कागद एकमेकांपासून सोडवताना, मला कळा सुरू झाल्या. साहेब वाईट माणूस नाहीत. ते घाबरून उठले आणि म्हणाले, "माझी जीप दारातच आहे, चला." मला जीपमध्ये बसवलं. किल्ली फिरवली. टक् असा आवाज आला. पुन्हा फिरवली, पुन्हा टक्. मस्केबाजाने धावत येऊन बॉनेट उघडलं आणि हातात डबा घेऊन उभा राहिला. ग्रीसवर आणखी ग्रीस लावावं की नाही, याचा त्याला निर्णय होईना.

तेवढ्यात बाबांनी रुग्णवाहिका चालकासकट दाराशी आणून लावली. मला आत झोपवलं. चालकाने किल्ली जेमतेम फिरवली आणि गाडी सुरू झाली. खिडकीतून साहेबांचा आवाज ऐकू आला. ते सगळ्यांना सांगत होते, "पाहिलंत? हा ग्रीसचा परिणाम."

कळा असतानाही मला हसू आलं. बाबा शेजारी बसले होते. मी त्यांचा हात धरून विचारलं, "बाबा, शनिवारी गाडीला लावलं होतंत का तेवढं?"

"छे," बाबा म्हणाले. "गाडीला नखभरच. गाडीशी खोटं बोललो असतो तर आज तिने उत्तर दिलं असतं. कागदाचं काय, कागद कुणाला दवाखान्यात नेत नाही."

चौक मागे पडला तेव्हा बाबांनी माझा हात इतका घट्ट आवळला की बोटं दुखली. मुलगी दवाखान्यात, पलंगावर झाली. बाबांनी आधी तेवढंच विचारून घेतलं, "पलंगावर ना?" मुलगा की मुलगी, ते नंतर विचारलं.

रजेवरून परतले तर नवं परिपत्रक तयार होतं. रुग्णवाहिकेचं यश पाहता ठशाचा चौकोन दुप्पट मोठा करण्यात येत आहे. मी ते टाइप केलं आणि एक प्रत बाबांना दिली. त्यांनी ती शांतपणे वाचली, घडी घातली आणि दर शनिवारी एकाऐवजी दोन अंगठे लावायला सुरुवात केली. गाडीला अजून करंगळीचं नखच.